दिल्लीत वीजगळती थांबली, मग ही २७,२०० कोटींची उधारी कुणाची?

करोलबागकर:
नवी मुंबई-ठाण्यात वीजवाटपाचा समांतर परवाना (म्हणजे महावितरणच्याच भागात दुसऱ्या कंपनीलाही) द्यायचा विषय निघाला की कुणीतरी दिल्लीचं उदाहरण पुढे करतंच. जानेवारी २०२३ मध्ये महावितरणचे कर्मचारी याच मुद्द्यावर संपावर गेले, तेव्हाही तेच ऐकलं: "दिल्लीत बघा, खासगी केलं आणि सुधारलं." मी सत्तावीस वर्षं दिल्लीत आहे. सुधारलं, हे खरंच. पण गोष्ट अर्धीच सांगतात, म्हणून हा धागा.

१ जुलै २००२ ला दिल्ली विद्युत बोर्डाची वाटणी झाली. वितरण तीन कंपन्यांकडे गेलं. दक्षिण आणि पश्चिम दिल्ली बीएसईएस राजधानीकडे, मध्य आणि पूर्व बीएसईएस यमुनाकडे, उत्तरेकडचा भाग टाटांकडे. ५१ टक्के खासगी, ४९ टक्के दिल्ली सरकार. बोली वीजदरावर नव्हतीच, पाच वर्षांत गळती (चोरी, तारांतला तोटा, न वसूल झालेली बिलं) किती उतरवाल यावर होती. (जाता जाता: बीएसईएसमधला बी म्हणजे बॉम्बे. १९२९ साली मुंबईच्या उपनगरांसाठी निघालेली कंपनी. मुंबईत ते नाव पुसलं गेलं, धंदाही २०१८ मध्ये अदानींकडे गेला. दिल्लीत मात्र अजून "बीएसईएसवाले आले" असंच म्हणतात.)

तेव्हा विकत घेतलेल्या विजेपैकी जवळपास निम्मीचे पैसेच हाती येत नव्हते. आज गळती एक आकडी आहे. मग पैसा तुंबला कुठे? नियामक आयोगाने कंपन्यांचा खर्च मंजूर केला, पण तेवढी दरवाढ दिली नाही. राहिलेला फरक 'रेग्युलेटरी ॲसेट' या भारदस्त नावाने वहीत मांडला. वाण्याकडची उधारीच ती, फक्त इथे व्याजही चढतं. ३१ मार्च २०२४ ला तिन्ही कंपन्यांची मिळून ही रक्कम सुमारे २७,२०० कोटी होती. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, ठरावीक मुदतीत फेडा. फेडणार कोण? ग्राहक. जोडण्या ७० लाखांच्या आसपास धरल्या तर प्रत्येकी ३८-३९ हजार रुपये. हे दाखवल्याशिवाय दिल्लीचं कौतुक मुंबईत विकू नका, इतकंच म्हणणं.

आकडेमोड्या:
साफ असहमत. उधारीचं खापर खासगीकरणावर फोडताय, पण दर कंपनी ठरवत नाही, आयोग ठरवतो. आणि निवडणूक तोंडावर असताना दरवाढ कुठल्या सरकारला हवी असते? तमिळनाडूत वीज कंपनी पूर्ण सरकारी आहे, राजस्थानातही. त्या दोन्ही राज्यांची अशी उधारी दिल्लीपेक्षा कितीतरी मोठी आहे. म्हणजे रोग मालकीचा नाही, दर दाबून ठेवण्याचा आहे.

आणि सुधारणा एका ओळीत उरकू नका. २००२ साली दिल्लीची कमाल मागणी २,८७९ मेगावॉट होती. १९ जून २०२४ ला ती ८,६५६ मेगावॉटवर गेली आणि तेवढी वीज पुरवली गेली. त्या काळी बाजारात दर दुकानापुढे जनरेटर धडधडायचा, हे सत्तावीस वर्षांत तुम्हीही ऐकलं असेलच.

लाइनवरचा माणूस:
मी महाराष्ट्रात वितरणात नोकरी केली, आता निवृत्त. गळती कशी उतरते ते सांगतो, त्यात जादू काही नाही. उघड्या तारा काढून इन्सुलेटेड पिळाची केबल टाकली की आकडा टाकता येत नाही. दिल्लीत त्याला कटिया म्हणतात. ११ केव्हीची लाइन वस्तीच्या दारापर्यंत नेऊन दहा-वीस घरांमागे छोटा ट्रान्सफॉर्मर बसवला की लघुदाबाची तार आखूड होते, तांत्रिक गळतीही उतरते. घरातला मीटर बाहेर भिंतीवर, जुना चकतीचा काढून इलेक्ट्रॉनिक. एवढंच. याला लागतो पैसा, आणि दिल्लीत तोही आधाराला होता. सुरुवातीच्या वर्षांसाठी सरकारने पारेषण कंपनीला (तीच तेव्हा घाऊक वीज विकायची) ३,४५० कोटींचं कर्ज दिलं, म्हणजे नव्या कंपन्यांना घाऊक वीज स्वस्तात मिळाली. शिवाय बोर्डाची जुनी देणी सरकारच्याच वेगळ्या कंपनीत ठेवली. पाटी कोरी करून आणि वर खर्चाला पैसे देऊन आमच्या विभागाला सांगितलं असतं, तर आम्हीही करून दाखवलं असतं.

आकडेमोड्या:
@लाइनवरचा माणूस काका, आदर आहे, पण "केलं असतं" याला बिल लागत नाही. केबल, मीटर, ट्रान्सफॉर्मर सगळं बोर्डाच्या काळातही मिळत होतं. मग आकडे का निघाले नाहीत? आकडा कुणाचा आहे हे लाइनमनला माहीत असतं, काढायला गेलं की नगरसेवकाचा फोन येतो. खासगी कंपनीला तो फोन परवडत नाही, फरक तेवढाच. पण तोच फरक निम्म्या गळतीचा आहे.

लाइनवरचा माणूस:
फोन यायचे. नाही म्हणत नाही.

भांडुपची वहिनी:
आमच्याकडे महावितरण. तरी मला प्रश्न पडतो तो 'खासगी' आणि 'स्पर्धा' हे शब्द एकाच दमात म्हणतात त्याचा. दिल्लीत ग्राहकाला निवड कुठे आहे? पश्चिम दिल्लीतल्या जनकपुरीत राहणाऱ्याला टाटांची वीज घेता येते का? सरकारी मक्तेदारी गेली आणि त्या जागी तीन खासगी मक्तेदाऱ्या आल्या. निवड म्हणाल तर ती मुंबईच्या उपनगरांत मिळाली. २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने टाटांना किरकोळ ग्राहकांना वीज द्यायला मोकळीक दिली, मग त्याच तारांवरून कंपनी बदलता यायला लागली. तेव्हा परवाना समांतर द्यायचा की दिल्लीसारखं उचलून द्यायचं, हे दोन निराळे विषय आहेत. धागाकर्त्यांनीही ते एकत्र कालवलेत.

आणखी एक. दिल्लीत खासगीकरण झालं, पण संसद, मंत्र्यांचे बंगले, कॅनॉट प्लेस यांना वीज कोण देतं? नवी दिल्ली नगरपालिका परिषद (एनडीएमसी). राज्यकर्त्यांनी स्वतःच्या घरचा दिवा सरकारीच ठेवला, हे मला फार आवडतं.

आकडेमोड्या:
एनडीएमसीचा मुद्दा टाळ्यांचा आहे, कामाचा नाही. रुंद रस्ते, मोठी कार्यालयं, हॉटेलं. तिथे वसुली कुणालाही जमेल. तिची तुलना दाटीवाटीच्या सीलमपूरशी करता?
समांतरचा मुद्दा मान्य, तो वेगळाच आहे.

विदर्भवासी:
फ्रँचायझी विसरलात सगळे. तार महावितरणची, कारभार खासगी कंपनीचा. भिवंडी २००७ पासून टॉरेंटकडे आहे आणि आकड्यांच्या त्या गावात गळती उतरली, ती प्रत्येक सादरीकरणात असते. पण नागपूरचं नाव कुणी घेत नाही. तिथला कंत्राटदार २०१९ मध्ये हात वर करून गेला, कारभार परत महावितरणकडे. औरंगाबादला २०११ ला दिलं, २०१४ ला काढून घेतलं. जळगावचंही तेच. म्हणजे चारातला एक प्रयोग टिकला. दिल्ली सांगणाऱ्यांनी आधी स्वतःच्या राज्यातली प्रगतिपुस्तकं उघडावीत.

करोलबागकर:
बरीच भर पडली, आभार. वहिनी, कालवाकालव झाली खरी, मान्य. @आकडेमोड्या, दर आयोग ठरवतो हे मी नाकारलेलं नाही. पण मग हिशोब तरी दिसू द्या. ४९ टक्के वाटा दिल्लीकरांच्या सरकारचा, तरी जानेवारी २०१४ मध्ये लावलेलं कॅगचं लेखापरीक्षण उच्च न्यायालयात २०१५ ला रद्द झालं. त्याच २०१४ च्या फेब्रुवारीत थकबाकीपायी एनटीपीसीने (केंद्राची वीजनिर्मिती कंपनी) बीएसईएस कंपन्यांना वीज तोडण्याची नोटीस दिली होती. राजधानीची वीज थकबाकीसाठी तुटणार, हे वाक्य आम्ही पेपरात वाचलंय. सरकारी कंपनीची वही निदान विधानसभेत मागता तरी येते.

आकडेमोड्या:
आणि विधानसभेत वही मागून तमिळनाडूत काय झालं?
ते सोडा, तुमच्या ३९ हजारांत मोठी चूक आहे. सगळ्या जोडण्यांत सारखं वाटलंत. ऑगस्ट २०१९ पासून दिल्लीत २०० युनिटपर्यंत बिल शून्य, ४०० पर्यंत निम्मं. उधारीचा ८ टक्के अधिभार २०१२ पासून बिलात आहे, पण तो शून्य बिलवाल्याच्या खिशातून जातच नाही.

करोलबागकर:
बरोबर, भागाकार ढोबळ होता. पण तुम्ही नकळत माझंच काम केलंत. शून्य बिलवाल्याचा अधिभार सरकार भरतं, म्हणजे करातून. उरलेला २०० च्या वर जाणाऱ्या घरांवर आणि दुकानदारांवर. माझ्या बिलात तो ८ टक्के आहे आणि त्याखाली जुन्या बोर्डाच्या कर्मचाऱ्यांच्या पेन्शनचे आणखी ७. उधारी उतरवायची तर यातली पहिली ओळ वाढेल, किंवा अनुदान वाढेल. तिसरी वाट तुम्हाला दिसत असेल तर सांगा.

भांडुपची वहिनी:
तिसरी म्हणजे मुदत वाढवून मागायची. आपल्याकडे तीच जास्त चालते.

आकडेमोड्या:
वहिनी, +१. या एकाच मुद्द्यावर.