‘ठिबक’ म्हणावं का? पायझोच्या थेंबासाठी शब्द हवा

प्रश्न (नाशिक रोड)
डिप्लोमाच्या मुलांसाठी मराठीत टिपण लिहितो आहे. विषय : पायझो अ‍ॅक्च्युएटर (वीज दिली की किंचित आकार बदलून द्रवाला ढकलणारा भाग) वापरून द्रवाचे अतिसूक्ष्म थेंब मोजून बाहेर काढणे. आपल्याकडे ‘ठिबक’ शब्द घराघरात आहे, म्हणून मथळा ‘पायझो ठिबक’ द्यायचा विचार आहे. चालेल का? आणि अ‍ॅक्च्युएटरला काय म्हणू?

उत्तर (दिंडोरी, द्राक्षबागायतदार)
सर, ठिबक नको. ड्रिपरच्या तोंडाशी पाणी साचतं, फुगतं आणि स्वतःच्याच वजनाने सुटतं. तासाला ४ लिटर हा आमचा हिशोब, पण तो धारेचा. एकेक थेंब कोणी मोजत नाही. तुमच्या यंत्रात तर थेंब हुकमावर निघतो. ‘ठिबकणे’त कर्ता थेंब असतो, तुम्हाला थेंब काढणारा कर्ता हवा.

उत्तर (सातपूर, फ्लेक्स प्रिंटिंग)
दादांचं अगदी बरोबर. आमच्या मशीनची हेडं पायझोचीच. शाईच्या कप्प्याची भिंत चिनी मातीसारख्या कडक पदार्थाची असते. विजेचा झटका बसला की ती किंचित वाकते, कप्पा आक्रसतो, शाईत दाबाची लाट उठते आणि नोझलमधून थेंब सेकंदाला काही मीटर वेगाने सुटतो. थेंबाला मागे शेपटी असते. ती तुटली की बारके उपथेंब होतात आणि अक्षराची कड फिसकटते. त्यामुळे झटका केवढा आणि किती वेळ द्यायचा, यावरच सगळी छपाई टिकून असते.

कामगार ‘नोझल फायर होत नाही’ असंच म्हणतात. बहुतेक वेळा शाई वाळलेली असते, नाहीतर कप्प्यात हवा शिरलेली. शेतकरी म्हणतात ना, पंपाने हवा धरली, तेच इथे. बुडबुडा दबतो आणि लाट गिळतो, थेंब निघतच नाही. बॅनरवर लगेच पांढरी रेघ येते.

मी ‘थेंब सोडणे’ लिहीन. ‘फेकणे’ही चालेल, पण त्यात मोजमापाचा भाव नाही.

उत्तर (गंगापूर रोड, निवृत्त भौतिकशास्त्र शिक्षक)
‘सोडणे’ला माझाही दुजोरा. मात्र टिपणात आकार जरूर द्या. ५० मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) व्यासाचा थेंब म्हणजे सुमारे ६५ पिकोलिटर (पिकोलिटर म्हणजे मिलिलिटरचा शंभर कोटीवा भाग). साध्या पाण्याचे मिलिलिटरला २० थेंब धरले, तर त्या साध्या एका थेंबात असे साडेसात लाखांहून जास्त सूक्ष्म थेंब मावतील. एवढं वाचलं की मुलं ‘ठिबक’ आपोआप विसरतील.

पायझोला मराठीत ‘दाबविद्युत’ हा चांगला शब्द आहे. मूळ ग्रीक क्रियापदाचा अर्थही दाबणे असाच. १८८० मध्ये पिएर आणि झाक क्युरी या भावांनी स्फटिक दाबला की वीज निर्माण होते हे दाखवलं. गॅसचा लायटर त्यावरच चालतो. तुमच्या यंत्रात क्रम उलटा आहे : वीज दिली की पदार्थाचा आकार बदलतो. भौतिकशास्त्रज्ञ लिपमान यांनी १८८१ मध्ये गणिताने हे वर्तवलं आणि क्युरी बंधूंनी ते प्रयोगाने पडताळलं. म्हणून नुसतं ‘दाबविद्युत’ न लिहिता पहिल्यांदा ‘व्यस्त दाबविद्युत परिणाम’ लिहा. नाहीतर मुलं लायटरच डोळ्यासमोर आणतील.

अ‍ॅक्च्युएटरला ‘चालक’ लिहू नका, तो गाडीवाला वाटतो. ‘प्रेरक’ लिहिलं तर मुलांना इंडक्टर (विजेच्या मंडलातलं तारेचं वेटोळं) आठवेल. मी तरी ‘अ‍ॅक्च्युएटर’च ठेवीन. कारखान्यात मुलांच्या कानावर तोच पडणार आहे.

प्रश्नकर्ता
सर, दादा, आभार. ‘सोडणे’ पक्कं. पण काही घरगुती प्रिंटर शाई तापवून थेंब काढतात, त्यांनाही हेच क्रियापद?

उत्तर (सातपूर)
हो, क्रियापद तेच, पण रीत वेगळी लिहा. तिथे मुद्दाम बुडबुडा करतात आणि तोच थेंबाला ढकलतो. आमच्याकडे तोच बुडबुडा वैरी. पायझोत द्रव तापवावा लागत नाही, म्हणून उष्णतेने बिघडणारी रसायनं, प्रथिनांची द्रावणंही सोडता येतात. मुलांना हे पहिल्या पानावर सांगा. फक्त द्रव फार दाट नको, नाहीतर नोझल तोंडच उघडत नाही.