ताज्या स्ट्रॉबेरीचे स्कोन आतून ओले का राहतात?

मोहर (पुणे)

सध्या महाबळेश्वर, पाचगणी आणि वाईकडची स्ट्रॉबेरी बाजारात भरपूर येत आहे, त्यामुळे या हंगामात जॅमऐवजी ताजे फळच स्कोनमध्ये (चहासोबत खायच्या, यीस्टशिवाय फुलवलेल्या छोट्या ब्रिटिश पावात) घालावे असे मनापासून वाटते. मनुकांचे स्कोन मी घरी नेहमी करते. ते उंच फुलतात आणि मधोमध उकलले की छान पापुद्रे सुटतात. मात्र त्याच कृतीत मनुकांच्या जागी स्ट्रॉबेरीचे तुकडे घातले की फळाभोवतीचा भाग गिच्च राहतो, वरून चांगला तांबूस रंग आला तरी आत पीठ कच्चे लागते आणि स्कोन वर चढण्याऐवजी आडवे पसरतात.

माझे प्रमाण असे आहे: २५० ग्रॅम मैदा, १२ ग्रॅम बेकिंग पावडर, ६० ग्रॅम लोणी, ४० ग्रॅम साखर, १५० मिलिलिटर दूध आणि १५० ग्रॅम स्ट्रॉबेरी. ओटीजीमध्ये (घरगुती विजेच्या भट्टीत) २०० अंश सेल्सिअसवर १५ ते १८ मिनिटे भाजते. फळ आधी वाळवावे, गोठवावे की नुसते दूध कमी करावे? शिवाय काही कृतींमध्ये दही आणि खाण्याचा सोडा वापरलेला दिसतो. त्याचा स्ट्रॉबेरीच्या रंगावर काही परिणाम होतो का? ज्यांनी ताज्या फळांचे स्कोन नियमितपणे केले आहेत त्यांनी कारणासह सांगितले तर फार उपयोग होईल.


चुलवैल (डोंबिवली)

तुमच्या कृतीत दोष नाही. ती सुक्या फळासाठी बेतलेली आहे. मनुकांमध्ये पाण्याचा अंश साधारण १५ टक्के असतो, त्यामुळे त्या पिठातला ओलावा स्वतःकडे ओढून घेतात. स्ट्रॉबेरीत मात्र सुमारे ९१ टक्के पाणी असते, म्हणजे तुमच्या १५० ग्रॅम फळात जवळजवळ १३५ ग्रॅम पाणीच आहे. ते सगळे बाहेर येत नाही हे खरे, पण भट्टीच्या उष्णतेने फळाच्या पेशी मोडतात आणि त्यातला बराचसा रस नेमका शेजारच्या पिठात उतरतो. ओलावा शोषणारा घटक काढून त्या जागी ओलावा देणारा घटक घातला आणि दूध तेवढेच ठेवले, तर पीठ सैल होऊन पसरणारच.

म्हणून फळ १०० ग्रॅमवर आणा आणि दूध ९० ते १०० मिलिलिटरवर. दूध एकदम ओतू नका; थोडे मागे ठेवून गरजेप्रमाणे शिंपडा. या टप्प्यावर पीठ कोरडे वाटले पाहिजे, कुठेकुठे सुका मैदा दिसला पाहिजे, आणि तरीही मुठीत दाबले की त्याचा मुटका वळला पाहिजे. हाताला मऊ, लुसलुशीत गोळा जाणवला तर फळ घालण्यापूर्वीच दूध जास्त झाले आहे असे समजावे. ज्यांना पोळ्यांची कणीक मळण्याची सवय आहे त्यांचा हात येथे आपोआप मळायला लागतो, आणि ते कटाक्षाने टाळायचे आहे, कारण मळल्याने मैद्यात चिवटपणा येतो आणि फळही चेंगरते.

फळाची तयारी अशी करा. स्ट्रॉबेरी देठासकट धुवा, म्हणजे पाणी आत शिरत नाही. पूर्ण कोरडी करा आणि मगच देठ काढून सुमारे एक सेंटिमीटरचे तुकडे करा. कापलेले तुकडे स्वच्छ सुती कापडावर पसरून ठेवा. त्यांना साखर अजिबात लावू नका, कारण साखर फळातला रस बाहेर खेचते आणि दहा मिनिटांत वाटीच्या तळाशी पाक जमा होतो. साखर मैद्यातच मिसळलेली बरी. पूर्ण लाल, पण बोटाने दाबल्यावर घट्ट लागणारी फळे निवडा. अतिपिकलेली फळे जॅमसाठी ठेवा.

तुकडे पिठात कालवण्याऐवजी घडीने घाला. ओट्यावर मैदा भुरभुरून पीठ हातानेच आयताकृती थापा, अर्ध्या भागावर फळ पसरा, दुसरा अर्धा भाग त्यावर घ्या आणि घडीच्या पोळीसारखी आणखी एक घडी घालून हलक्या हाताने अडीच सेंटिमीटर जाडीवर आणा. यामुळे फळ थरांमध्ये राहते, फुटत नाही, आणि थर असल्याने स्कोन वर चढायलाही मदत होते. गोल साचाही वापरू नका. साचा फळाच्या तुकड्यावर अडतो, मग आपण तो फिरवतो, आणि फिरवल्याने कडा दाबल्या जाऊन स्कोन एका अंगाने कलतो. धारदार सुरीने सरळ खाली दाबून चौकोन किंवा त्रिकोण पाडले तर कडा मोकळ्या राहतात आणि उरलेले पीठ पुन्हा गोळा करावे लागत नाही.

लोण्याबद्दल एक गोष्ट अगदी आग्रहाने सांगते. शंकरपाळ्यांना आपण मोहन गरम करून घालतो. येथे लोणी घट्ट आणि गारच राहिले पाहिजे. आपल्या स्वयंपाकघरातल्या हवेत लोणी चोळता चोळताच मऊ होते आणि मग त्याचे पापुद्रे पडत नाहीत. ते गोठवून जाड किसणीने थेट मैद्यात किसा आणि बोटांच्या टोकांनी मिसळा. वाटाण्याच्या आकाराचे काही तुकडे राहिले तरी चालतील. बाजारातले पिवळे लोणी वापरत असाल तर ते खारट असते, तेव्हा वेगळे मीठ घालू नका.


वाटसरू (लीड्स)

वरचा सल्ला उत्तम आहे, पण मी थोडे निराळे मत मांडतो. येथे ब्रिटनमध्ये फळाचा स्कोन म्हटले की बहुतेक ठिकाणी त्यात मनुकाच असतात. ताजी स्ट्रॉबेरी स्कोनच्या आत क्वचितच जाते. ती जॅमच्या रूपाने किंवा काप करून बाजूला येते. ब्लूबेरी किंवा रासबेरी घातलेले, जास्त लोण्याचे, त्रिकोणी स्कोन ही मुख्यतः अमेरिकेतली पद्धत आहे, आणि तिथल्या कृतींमध्ये दुधाऐवजी दाट क्रीम असते. दाट क्रीममध्ये स्निग्धांश ३५ टक्क्यांच्या पुढे असल्याने पाणी तुलनेने कमी असते, त्यामुळे ओल्या फळाचा भार त्या पिठाला पेलतो. भारतात खोक्यात मिळणारे साधे फ्रेश क्रीम २५ टक्के स्निग्धांशाचे असते, म्हणून अमेरिकन कृती जशीच्या तशी उचलली तर पीठ सैल होते. ब्रिटनमधली घरगुती कृती साधी असते: बेकिंग पावडर आधीच मिसळलेले पीठ, थोडे लोणी आणि दूध. असे पीठ ब्रिस्टलच्या हेन्री जोन्स यांनी १८४५ मध्ये पेटंट घेऊन बाजारात आणले, आणि घरोघरी झटपट स्कोन होण्यामागे त्याचा मोठा वाटा आहे.

माझ्या मते स्ट्रॉबेरी हे भाजण्याचे फळच नाही. उष्णतेने तिचा सुगंध जातो, रंग फिकट पडतो आणि उरतो तो ओलसर लगदा. साधा स्कोन भाजून, तो कोमट असताना उकलून, त्यावर ताजे काप आणि घट्ट साय घातली तर त्या फळाचे खरे मोल कळते. इंग्लंडच्या डेव्हन आणि कॉर्नवॉल या भागांमध्ये यासाठी जे क्लॉटेड क्रीम वापरतात त्यात कमीत कमी ५५ टक्के स्निग्धांश असतो. आपल्याकडे म्हशीचे दूध मंद आचेवर तापवून रात्रभर गार केल्यावर येणारी जाड साय त्याच्या बरीच जवळ जाते. डेव्हनमध्ये आधी क्रीम लावून वर जॅम घालतात आणि कॉर्नवॉलमध्ये नेमके उलट. ताज्या कापांसाठी मला डेव्हनची रीत सोयीची वाटते, कारण सायीचा थर फळाचा रस स्कोनमध्ये उतरू देत नाही.

आत ताजे फळच हवे असेल तर टणक फळ घ्या. इथे ब्रॅम्ली नावाचे आंबट सफरचंद किसून, पिळून घालतात, आणि ते फार छान लागते. तुमच्याकडे घट्ट पेरू, डहाणू-घोलवडचा किंचित कमी पिकलेला चिकू किंवा पुरंदरचे ताजे अंजीर घेऊन पाहा. चिकू आणि अंजीर यांत पाणी ८० टक्क्यांच्या आसपास किंवा थोडे कमीच असते, आणि त्यांचा गर रस सोडण्याऐवजी एकजीव राहतो.


दहिवर (कोल्हापूर)

वाटसरू यांच्या मताचा आदर ठेवून असहमती नोंदवते. स्ट्रॉबेरी तशीच घातली तर तिचा लगदा होतो हे मान्य, पण अर्धवट वाळवून घातली तर तिची चव उलट गडद होते. तुकडे बटर पेपरवर एका थरात पसरून ओटीजीमध्ये १०० अंशांवर सुमारे तासभर ठेवा आणि मधून एकदा उलटा. वजन अंदाजे निम्मे झाले, कडा आक्रसल्या आणि मधला भाग अजून मऊ असला की काढून पूर्ण गार करा. २०० ग्रॅम ताज्या फळाचे असे १०० ग्रॅम तुकडे होतात. त्यांतले बरेचसे पाणी आधीच गेलेले असते, त्यामुळे दूध ११० ते १२० मिलिलिटरपर्यंत घेता येते आणि स्कोन कोरडा पडत नाही. वेळ जातो हे खरे, पण ताज्या फळाचा आंबटगोडपणा पिठात स्पष्ट जाणवावा अशी इच्छा असेल तर यापेक्षा चांगला मार्ग मला माहीत नाही.

गोठवण्याबद्दल तुम्ही विचारले आहे. गोठलेला तुकडा कडक असल्याने पीठ थापताना फुटत नाही आणि लोणीही गार राहते, हा त्याचा मोठा फायदा आहे. पण गोठताना बर्फाचे स्फटिक फळाच्या पेशी फोडतात, त्यामुळे भाजताना त्यातून ताज्या फळापेक्षाही जास्त रस सुटतो. म्हणून ब्लूबेरी किंवा तुतीसारखी अख्खी, सालीची फळे गोठवून घालावीत आणि कापलेली स्ट्रॉबेरी गोठवू नये, असे माझे मत आहे. गोठलेले फळ कधीही वितळू देऊ नका. फ्रीझरमधून काढून थेट पिठात घाला आणि भाजण्याची वेळ तीन-चार मिनिटे वाढवा.

आता सोडा. स्ट्रॉबेरी, तुती, जांभूळ, ब्लूबेरी यांचा रंग ज्या द्रव्यांमुळे येतो ती आम्ल मिश्रणात लाल दिसतात आणि अल्कधर्मी मिश्रणात निळसर, कधी हिरवटसुद्धा होतात. सोडा दह्याच्या आंबटपणाने पूर्ण वापरला गेला तर काही बिघडत नाही, पण चिमूटभर जरी जास्त राहिला तरी फळाभोवती राखाडी-निळे डाग पडतात आणि चवीला साबणासारखी छटा येते. अर्ध्या कपभर आंबट दह्याला पाव चमचा सोडा पुरे. तुम्ही १२ ग्रॅम बेकिंग पावडर वापरताच आहात, तेव्हा वेगळ्या सोड्याची गरजच नाही. दह्याची चव हवी असेल तर अर्ध्या दुधाऐवजी घट्ट दही घ्या आणि सोडा वगळा. आपले पातळ ताक मात्र वापरू नका. परदेशी कृतींमधले बटरमिल्क बरेच दाट असते आणि ताकाने पुन्हा पाणीच वाढते.


मोहर (पुणे)

आपण सर्वांनी इतके सविस्तर लिहिले याबद्दल मनापासून आभार. अर्धवट वाळवण्याची पद्धत मला पटली आहे, आणि अंजीर तर नक्कीच करून पाहणार आहे. आता एकच विचारायचे आहे. माझ्या ओटीजीमध्ये वरचा आणि खालचा असे तापणारे दोन दांडे आहेत, पंखा नाही. वरचा भाग लवकर लाल होतो आणि मधला भाग मागे राहतो. तापमान कमी करावे का?


चुलवैल (डोंबिवली)

तापमान कमी करू नका. स्कोनला सुरुवातीलाच जोरदार उष्णता मिळाली पाहिजे, कारण लोण्यातल्या आणि फळातल्या पाण्याची वाफ होऊन ती थर उचलते. मंद आचेवर लोणी आधी वितळून वाहते आणि मग स्कोन पसरतो. त्याऐवजी दोन्ही दांडे चालू ठेवून ओटीजी २२० अंशांवर निदान १५ मिनिटे तापवा, कारण दिवा विझला तरी आतल्या भिंती पुरेशा तापलेल्या नसतात. ताटली आत सरकवल्यावर २०० अंश करा. ती मधल्याऐवजी एक घर खाली ठेवा आणि वरचा भाग हवा तेवढा तांबूस झाला की वरचा दांडा बंद करून शेवटची पाच-सात मिनिटे फक्त खालच्या आचेवर भाजा. भट्टीत ठेवण्याचा एक छोटा तापमापक मिळतो, तो अवश्य घ्या. ओटीजीच्या खुंटीवरचा आकडा आणि आतले प्रत्यक्ष तापमान यांत बराच फरक असू शकतो.

कापलेले कच्चे स्कोन भाजण्यापूर्वी २० ते ३० मिनिटे फ्रीझरमध्ये ठेवा. ताटलीत ते एकमेकांपासून दोन बोटे अंतरावर असू द्या, म्हणजे बाजूंनाही उष्णता लागते. झाले की नाही हे वरच्या रंगावरून ठरवू नका. एक स्कोन उचलून त्याची बाजू पाहा. मधल्या थरांवर ओलसर चकाकी दिसली तर अजून तीन-चार मिनिटे लागतील.

साधे स्कोन मऊ राहावेत म्हणून काही जण ते गरम असतानाच कापडात गुंडाळतात. ताज्या फळाच्या स्कोनला तसे करू नका, वाफ कोंडून खालचा भाग लगेच ओला होतो. जाळीवर उघडेच गार करा. हे स्कोन त्याच दिवशी संपवावेत, कारण दुसऱ्या दिवशी फळाचा ओलावा सगळीकडे पसरतो. चहाला लागतील तेवढेच भाजा आणि उरलेले कच्चे तुकडे ताटलीत सुटे गोठवून मग डब्यात भरा. लागतील तेव्हा न वितळवता थेट तापलेल्या ओटीजीमध्ये ठेवून नेहमीपेक्षा चार-पाच मिनिटे जास्त भाजले की पुरते.