वडिलांच्या नावावरचा डोंबिवलीतला फ्लॅट विकायचा आहे: कागदपत्रं, कर आणि आईची मनःस्थिती

फडकेरोडकर:
डोंबिवली पूर्वेला १९९३ साली घेतलेला टू बीएचके, तिसरा मजला, लिफ्ट नाही. सोसायटी नोंदणीकृत आहे. फ्लॅट एकट्या वडिलांच्या नावावर होता, ते २०१९ मध्ये गेले. मृत्युपत्र नाही, नॉमिनी आई. वारस आई (७६), मी आणि अमेरिकेतली बहीण. साधारण ८० लाखांना विकून आईसाठी ठाण्यात आमच्या जवळ लिफ्टवाला फ्लॅट घ्यायचा विचार आहे.
१. नॉमिनी म्हणून आई एकटी विकू शकते का?
२. कर किती बसेल?
३. विकायला आईने स्वतः होकार दिला आहे, पण घर बघायला कोणी येऊन गेलं की तिचं जेवणात लक्ष लागत नाही. हे कसं सांभाळायचं?

दस्तनोंदणी:
नाही विकू शकत. नॉमिनीचं नाव सोसायटीच्या दप्तरात लागतं, पण २०१९ च्या दुरुस्तीनंतर सहकार कायदा त्याला तात्पुरता सभासद मानतो. मालकी वारसांची, म्हणजे तुम्हा तिघांची, प्रत्येकी एक तृतीयांश.

एक गोष्ट आधी बघा: वडील गेले तेव्हा तुमची आजी हयात होती का? असेल तर मृत मुलाच्या मालमत्तेत आईचाही सारखा हिस्सा असतो. मग चौथा भाग आजीचा, आणि ती गेली असेल तर तो तिच्या वारसांचा, म्हणजे काका-आत्यांचाही. खरेदीदाराचा वकील वारसांची यादी मागतो तेव्हा हे बाहेर येतं आणि ठरलेला व्यवहार महिनोन्‌महिने अडकतो.

पुढे दोन वाटा. तिघांनी मिळून विक्रीच्या दस्तावर सह्या करायच्या, किंवा तुम्ही दोघांनी आईच्या नावे हक्कसोडपत्र करायचं. हक्कसोडपत्र नोंदणीकृतच हवं. रक्ताच्या नात्यात, मोबदला न घेता केलं तर मुद्रांक शुल्क नाममात्र लागतं. बहिणीला येणं शक्य नसेल तर कुलमुखत्यारपत्र. ते भारतीय वकिलातीत साक्षांकित करून घ्या, किंवा तिकडच्या नोटरीपुढे सही करून वर अपोस्टिल (परदेशात कागद ग्राह्य धरला जावा म्हणून तिकडच्या सरकारचा शिक्का) घ्या. मूळ कागद महाराष्ट्रात पोचल्यापासून तीन महिन्यांत त्यावर इथलं मुद्रांक शुल्क भरावं लागतं. स्कॅन चालत नाही. मसुद्यात ‘हक्कसोडपत्र करणे, नोंदणीसाठी हजर राहणे, दस्त कबूल करणे’ हे अधिकार स्पष्ट लिहा. मोघम मुखत्यारपत्र दुय्यम निबंधक परत करतात.

बहिणीचं ‘मला काही नको’ हे वाक्य फोनवरचं असेल तर तेवढ्यावर मसुदा करू नका. तिला आजचा बाजारभाव आणि तिच्या हिश्श्याची रक्कम लिहून पाठवा, विचार करायला वेळ द्या. हिस्सा हवा असेल तर तो तिचा आहे.

आता जुना करारनामा काढा. त्यावर नोंदणीचा क्रमांक आहे का, शुल्क पूर्ण भरलंय का? त्या काळातले बरेच करार कमी स्टँपवर झाले आणि नोंदलेच गेले नाहीत. राहिलेल्या शुल्कावर दरमहा २ टक्के दंड चढतो, जास्तीत जास्त शुल्काच्या चौपट. शासन मधूनमधून दंडात सवलत देणारी अभय योजना आणतं, चालू असेल तर तिचा फायदा घ्या. करार नोंदलेलाच नसेल तर कन्फर्मेशन डीड, म्हणजे जुना करार कबूल करणारा नवा नोंदणीकृत दस्त, करावं लागेल. आणि इमारतीला भोगवटा प्रमाणपत्र नसेल तर बऱ्याच बँका खरेदीदाराला कर्ज देत नाहीत. गिऱ्हाईक कमी होतं, भावही पडतो. हे पहिल्या भेटीतच सांगून टाका.

वजावट:
कर कोणाला किती, हे वरच्या दोन वाटांपैकी कुठली धरता त्यावर आहे. म्हणून मालकीचा निर्णय आणि कराचा हिशेब एकाच वेळी करा.

घर २००१ पूर्वीचं असल्यामुळे मूळ खरेदी किंमत सोडून १ एप्रिल २००१ चं बाजारमूल्य धरता येतं. मात्र ते त्या दिवशीच्या शासकीय दरापेक्षा जास्त धरता येत नाही. नोंदणीकृत व्हॅल्युअरकडून अहवाल घ्या. समजा मूल्य ८ लाख निघालं. ८० लाखांना विकलं तर नफा ७२ लाख, त्यावर १२.५ टक्क्यांनी ९ लाख. दुसरा पर्याय महागाई निर्देशांकाचा: २००१ चा निर्देशांक १०० धरला तर २०२५-२६ चा ३७६, म्हणून ८ लाखांचे ३०.०८ लाख, नफा ४९.९२ लाख, त्यावर २० टक्क्यांनी जवळपास १० लाख. म्हणजे इथे पहिलाच बरा. पण मूल्य १० लाख निघालं तर पहिल्याने ८.७५ लाख आणि दुसऱ्याने ८.४८ लाख, पारडं फिरलं. इतका फरक त्या एका अहवालाने पडतो, तेव्हा तो अंदाजपंचे करू नका. उपकर वेगळा. निर्देशांकाचा पर्याय फक्त निवासी भारतीयांना, तुमच्या बहिणीला नाही.

तिघांनी विकलं तर नफाही तिघांत वाटला जातो. आई नवं घर घेईल तेव्हा सूट फक्त तिच्या एक तृतीयांशावर. तुमच्या आणि बहिणीच्या वाट्याचा कर तुम्हाला भरावाच लागेल, किंवा स्वतःच्या नावे घर घ्यावं लागेल, नाहीतर सहा महिन्यांच्या आत भांडवली नफ्याचे रोखे (कमाल ५० लाख, पाच वर्षं अडकून). विक्रीआधी खरोखरच हक्क सोडला असेल तर सगळा नफा आईचा, आणि तो पूर्ण नव्या घरात गेला तर कर शून्य. मुदत: विक्रीच्या एक वर्ष आधीपासून दोन वर्षं नंतरपर्यंत खरेदी, बांधकाम असेल तर तीन वर्षं. विवरणपत्राच्या मुदतीपर्यंत पैसे वापरले गेले नाहीत तर बँकेतल्या ‘भांडवली नफा खात्यात’ ठेवा, साध्या एफडीत ठेवले की सूट गेली. नवं घर तीन वर्षांत विकलं तरी सूट परत जाते.

बहीण विक्रेती राहिली तर तिच्या हिश्श्यावर खरेदीदाराला नेहमीचा १ टक्का नाही, तर अनिवासींच्या दराने कर कापावा लागतो, आणि तोही पूर्ण रकमेवर. कमी कपातीचं प्रमाणपत्र तिने आयकर खात्याकडून करार करण्याआधी मिळवावं.

रोख काही घेऊ नका. स्थावर मालमत्तेच्या व्यवहारात २०,००० किंवा त्याहून जास्त रोख स्वीकारली तर तेवढाच दंड होऊ शकतो.

फडकेरोडकर:
दोघांचेही आभार. आजी १९९८ मध्येच गेली, म्हणजे तो प्रश्न नाही. तिसऱ्या प्रश्नावर कोणी लिहील का?

माळ्यावरचं सामान:
घर बघायला येणाऱ्यांना आठवड्यातले दोनच दिवस आणि ठरलेली वेळ द्या. एजंटला बजावून ठेवा की फोन केल्याशिवाय कोणाला आणायचं नाही. आईंना विचारा, त्या वेळी घरी थांबायचं की शेजारी बसायचं. भाव आणि ‘हा ओटा तोडावा लागेल’ छापाचं बोलणं त्यांच्यासमोर होऊ देऊ नका. तीस वर्षं त्याच ओट्यापाशी उभ्या राहिलेल्या बाईला ते ऐकणं जड जातं, आणि येणाऱ्याच्या ते ध्यानातही नसतं.

आवराआवर माळ्यापासून सुरू करा, वडिलांच्या कपाटापासून नको. रोज दोन तास पुरे. भांडी मोडीत घालताना आईंना शेजारी बसवा. तांब्या-पितळेवर बहुधा नावं आणि तारखा कोरलेल्या असतात, त्या वाचायला वेळ लागू द्या. रद्दी मात्र तुम्ही स्वतः एकेक कागद बघूनच द्या. सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट आणि नोंदणीची पावती जुन्या लाइट बिलांत सापडते. सर्टिफिकेट हरवलंच तर पोलिसांत तक्रार, हमीपत्र, सोसायटीची नोटीस आणि मग दुय्यम प्रत, एवढं सगळं करावं लागतं.

नव्या घराच्या भिंती मोजून घ्या. गोदरेजचं कपाट आणि त्यांचा पलंग बसत असेल तर तेच न्या, नवं फर्निचर नंतर. देवघर शेवटी हलवा आणि तिकडे सगळ्यात आधी मांडा. शक्य असेल तर ताबा देण्यापूर्वी आईंना महिनाभर नव्या जागी राहू द्या. जुनं घर अजून हातात असताना डॉक्टर, मंदिर, भाजीवाला सापडला की शेवटचा दिवस हलका जातो. तेवढी मुदत करारातच लिहून घ्या.

मानद सचिव:
सोसायटीच्या बाजूने थोडं. हस्तांतरण शुल्क ५०० रुपये, नव्या सभासदाची प्रवेश फी १०० आणि हस्तांतरणाचा प्रीमियम (सोसायटी घेते ती जादा रक्कम) जास्तीत जास्त २५,०००. वारसांच्या नावे होताना प्रीमियम नाही. ‘इमारत निधी’ म्हणून लाखभर मागितले तर मागणी लेखी द्या म्हणावं, आणि उपनिबंधकांकडे तक्रार करा. पुनर्विकासाचा ठराव झाला असेल तर त्याचे फायदे, भाडं, कॉर्पस (बिल्डर देतो ती एकरकमी रक्कम) कोणाला मिळणार, हे करारात एका वाक्यात तरी हवं.

पंखे, गिझर, ग्रिल यांपैकी काय ठेवणार याची यादी कराराला जोडा. कराराची नोंदणी आणि बँकेचे पैसे यांत काही आठवडे जातात. सगळी रक्कम खात्यात जमा होईपर्यंत चावी आणि ताबा पावती देऊ नका.

आणि आईंच्या सहीबद्दल: उतारवयात बोटांचे ठसे मशीनवर नीट उमटत नाहीत. आदल्या रात्री हाताला तेल किंवा क्रीम लावून ठेवा, तिथे गेल्यावर हात धुऊन कोरडे करा. निबंधक कार्यालय वरच्या मजल्यावर असेल आणि त्यांना चढवणार नसेल तर वैद्यकीय प्रमाणपत्रासह अर्ज करा, जादा फी भरून अधिकारी घरी येऊन नोंदणी करतात. ही तारीख आधी मिळवा, मग खरेदीदाराला दिवस सांगा.