सेन्सरचा अलार्म रात्री शेतात हमखास वाजेल असा फोन कोणता? (बजेट २५ हजारांपर्यंत)

द्राक्षबाग_निफाड

राम राम मंडळी.

वय ४३, टाइप १ मधुमेह, इन्सुलिन पेन चालू. निफाड तालुक्यात द्राक्षबाग आहे. पूर्वी शुगर उतरायला लागली की घाम फुटायचा, हात थरथरायचे, आपोआप कळायचं. इतक्या वर्षांनी शरीराने सांगणंच सोडलंय. शुगर ५८ ला असली तरी मी आपला निवांत काम करत असतो. म्हणून डॉक्टरांनी दंडावरचा शुगर मोजणारा, स्कॅन करायचा सेन्सर सोडून ब्लूटूथवाला लावायला सांगितला. तो स्वतःहून फोनला आकडा पाठवतो आणि शुगर खाली गेली की फोन ओरडतो.

सेन्सरबद्दल तक्रार नाही. तक्रार फोनची आहे, कंपनीचं नाव घेत नाही. दिवसा ठीक चालतो. रात्री स्क्रीन बंद राहिली की काही वेळाने अ‍ॅप गप्प. सकाळी उघडून बघावं तर आधी 'सिग्नल लॉस', मग मागचा आलेख भरून येतो आणि त्यात दिसतं की रात्री दोनच्या सुमाराला साहेब ६१ वर होते.

आता रात्रीचं एवढं काय, तर आमच्याकडे शेतीची थ्री फेज लाइट आळीपाळीने येते, काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. ऑक्टोबर छाटणी झाली की पाण्याचं वेळापत्रक चुकवून चालत नाही. रात्री लाइट आली की स्वेटर घालायचा, बॅटरी घ्यायची आणि निघायचं. (मोटारीला ऑटो, म्हणजे लाइट आली की आपोआप चालू करणारा, बसवा असं सांगू नका, बसवलेला आहे. ठिबकचे व्हॉल्व्ह फिरवायला ऑटो येत नाही.) जेवणाआधी घेतलेलं इन्सुलिन अंगात, त्यावर ढेकळांतून चालणं, आणि आसपास कुणी नाही. मिसेसच्या फोनमध्ये माझे आकडे दिसायचं अ‍ॅप टाकलंय, ती फोन उशाशी घेऊन झोपते. पण माझाच फोन झोपला तर तिचा काय वाजणार?

निफाडच्या दुकानात विचारलं तर पोरगा म्हणाला, १२ जीबी रॅमचा घ्या काका, अ‍ॅप मरणार नाही. खरंय का हे? मेव्हणा म्हणतो जुना आयफोन घे. आणि बागेच्या खालच्या अंगाला ओढ्याकडे रेंजच नसते, तिथे अलार्म वाजेल का? कॅमेरा-बिमेरा काही नको. ज्यांचं रोजचं यावर भागतंय त्यांनी सांगा.

---

खाडीकाठ_चिपळूण

फोनच्या भानगडीत पडू नका. सेन्सर कंपनीचा रीडर, म्हणजे आकडा दाखवणारं वेगळं छोटं यंत्र मिळतं, ते घ्या. त्याला दुसरं कामच नाही, त्यामुळे तो झोपत नाही. व्हॉट्सअ‍ॅप नाही, अपडेट नाही. मी तोच वापरतो आणि माझा फोन खुशाल हँग होतो.

फक्त रीडर कमरेला पाहिजे. घरी खुंटीला टांगून गेलात तर उपयोग शून्य.

---

मोबाइलवाला_पिंपळगाव

भाऊ, पिंपळगाव बसवंतला माझं दुकान आहे, तर धंद्याचं बोलतो.

रॅमचं खोटं आहे. अ‍ॅप बहुतेक वेळा जागा कमी पडली म्हणून मरत नाही, बॅटरी वाचवायला फोन त्याला मारतो. अँड्रॉइड ६ पासून, म्हणजे २०१५ पासून, पडून राहिलेल्या फोनला डुलकी लावायची सोय गूगलनेच केली. त्यावर प्रत्येक कंपनीने आपापला कारभार चढवला, कारण गिऱ्हाईक दुकानात पहिला प्रश्न विचारतं, "चार्जिंग किती टिकतं?" दोन दिवस टिकतं असं सांगायचं तर कुणाला तरी मारावंच लागतं. कुठली कंपनी किती मारते आणि ते कुठल्या सेटिंगमध्ये थांबवायचं, याची 'डोंट किल माय अ‍ॅप' नावाची वेबसाइट आहे. फोन ठरवण्याआधी ती बघा.

दुसरं, एनएफसी, म्हणजे फोन टेकवून वाचायची सोय. तुमचा सेन्सर 'लिब्रे' ब्रँडच्या घराण्यातला असेल तर तो सुरू करायला फोन दंडाला टेकवावा लागतो आणि त्याला एनएफसी लागतं. एकदा सुरू झाला की पुढचं काम ब्लूटूथ करतं. आपल्याकडे पैसे क्यूआर कोडने जातात, म्हणून एनएफसी कुणी मागत नाही, आणि स्वस्त फोनमधून कंपन्या ते गाळतात. गंमत अशी की त्याच नावाच्या परदेशातल्या फोनमध्ये ते असतं. यूट्यूबवर कुणी गोरा 'एनएफसी आहे' म्हणाला म्हणून घेऊ नका. आयफोन ७ च्या पुढे सगळ्यांत आहे, गूगलच्या पिक्सेल फोनच्या ए मालिकेत आहे. सॅमसंगच्या ए मालिकेत खालच्या मॉडेलांत बहुधा नसतं, वर गेलं की मिळतं, पण मॉडेल नंबर बघूनच घ्या.

दुकानात तपासायची रीत सांगतो. सेटिंगमध्ये एनएफसी चालू करा आणि लाटांची खूण असलेलं डेबिट कार्ड फोनच्या पाठीवर हळूहळू फिरवा. जिथे 'टिंग' वाजेल किंवा मेसेज येईल तिथे त्याचा अँटेना. आयफोनचा वरच्या कडेला असतो. ती जागा लक्षात ठेवा, म्हणजे सेन्सर बदलताना दंडावर फोन घासत बसावं लागणार नाही. दुकानदार हे करू देत नसेल तर दुसरं दुकान बघा.

आणि ट्रॅक्टरवर मॅग्नेटचा होल्डर लावता ना? त्याची लोखंडी पट्टी कव्हरच्या आत असेल तर एनएफसी वाचणार नाही. दुरुस्तीला आलेले निम्मे 'बिघडलेले एनएफसी' मी पट्टी काढून चालू करून दिलेत, पैसे न घेता.

---

द्राक्षबाग_निफाड

पट्टी आहे! आजच काढतो. लिब्रेच आहे, सुरू करताना दर वेळी कटकट होते ती कदाचित यामुळेच.

---

मीराची_आई

दादा, मुलगी अकरा वर्षांची, टाइप १, आम्ही पुण्यात. शाळेत तिच्याजवळ फोन, माझ्या ऑफिसात माझा. तुमचा प्रश्न आमच्या घरी रोजचा आहे, फक्त आमच्याकडे ढेकळं नाहीत.

फोन निवडताना पहिलं काम दुकानात नाही, सेन्सर कंपनीच्या वेबसाइटवर. कुठल्या मॉडेलवर आणि अँड्रॉइडच्या कुठल्या आवृत्तीवर अ‍ॅप तपासलंय याची यादी तिथे असते. अगदी गेल्या महिन्यात बाजारात आलेला फोन त्यात नसतो, म्हणून मी नवाकोरा फोन मुद्दाम टाळते. साधारण वर्षभर जुनं मॉडेल, अजून काही वर्षं अपडेट मिळणार असलेलं, हे मला सगळ्यांत बरं वाटतं. यादीबाहेरचा फोनही पुष्कळदा चालतो. पण बिघडलं की हेल्पलाइनवरचा माणूस पहिल्या वाक्यात हात वर करतो.

मग सेटिंग. हे फोन घेतला त्याच दिवशी, दुकानातून घरी आल्या आल्या करा. अ‍ॅपच्या बॅटरी सेटिंगमध्ये 'अनरिस्ट्रिक्टेड'. ज्या फोनमध्ये 'ऑटोस्टार्ट' असतं तिथे ते चालू. सॅमसंग असेल तर 'नेव्हर स्लीपिंग अ‍ॅप्स'च्या यादीत टाका. बॅटरी सेव्हर बंद, रात्री आपोआप लागणाराही बंद. 'डू नॉट डिस्टर्ब' ओलांडायची परवानगी अ‍ॅपला द्या. 'निअरबाय डिव्हायसेस'ची परवानगी नाकारलेली नाही ना ते बघा, नवीन अँड्रॉइडमध्ये ब्लूटूथ तिच्यावर चालतं. आणि फोन साफ करणारी जी 'क्लीनर' अ‍ॅप्स असतात ती काढून टाका, एकही ठेवू नका.

एक गोष्ट फारशी कुणी सांगत नाही. काही फोन रात्री आपोआप रीस्टार्ट होतात, कधी सोय म्हणून, कधी अपडेटसाठी. रीस्टार्ट झाल्यावर तुम्ही पिन टाकेपर्यंत बहुतेक अ‍ॅप्स उठत नाहीत. म्हणजे फोन चालू दिसतो, घड्याळ दिसतं, आणि सेन्सरकडे कुणाचंच लक्ष नसतं. ते ऑटो रीस्टार्ट शोधून बंद करा. दोन वाजता गप्प होणारा फोन असेल तर मला आधी याचाच संशय येतो.

रेंजचं सांगते. सेन्सर ते फोन हे ब्लूटूथ आहे, त्याला नेट लागत नाही. ओढ्याकडे टॉवर नसला तरी तुमच्या खिशात अलार्म वाजणारच. वहिनींच्या फोनवर मात्र आकडा नेटवरूनच जातो, तिथे तुमचा टॉवर गेला की त्यांना काही कळत नाही. म्हणून दोन सिमचा फोन घ्या, दुसरं सिम वेगळ्या कंपनीचं, आणि डेटा आपोआप बदलायची सोय चालू ठेवा. वहिनींच्या फोनलाही हीच सगळी सेटिंग लागतात बरं का, लोक तिथेच विसरतात.

आयफोनचा फायदा एकच पण मोठा. त्यात 'क्रिटिकल अलर्ट' म्हणून प्रकार आहे, तो फोन सायलेंटवर असला तरी वाजतो. मात्र अ‍ॅप वर ढकलून बंद करायची सवय असेल तर तिथेही सगळं बंद. पंचवीस हजारांत जुनाच मिळेल, तेव्हा बॅटरी हेल्थ बघा आणि तो यादीत आहे का तेही.

अलार्म ७० वर ठेवलाय का? निघायच्या रात्रींसाठी तो जरा वर ठेवावा का, हे डॉक्टरांना विचारा. सेन्सर मोजतो ती कातडीखालच्या पाण्यातली साखर रक्तापेक्षा काही मिनिटं मागे असते, आणि चालत असताना ती काही मिनिटं महाग पडतात. निघताना आकड्याबरोबर शुगर वर चाललीय की खाली ते दाखवणारा बाणही बघा. ९५ आणि बाण खाली, याला मी ९५ म्हणत नाही.

---

टेक्ससचा_दामू

ताईंनी जवळजवळ सगळं सांगितलं. मी डॅलसला असतो, डेक्सकॉम जी७ नावाचा दुसरा सेन्सर वापरतो, तो ब्लूटूथनेच सुरू होतो. त्यामुळे एनएफसीचं मला ठाऊक नाही, बाकी दुखणं सारखंच.

हा तुमच्या एकट्याचा प्रश्न नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये इथल्या एफडीएने (औषधं-उपकरणांवर देखरेख करणारी सरकारी संस्था) यावर जाहीर इशारा दिला होता. फोनवर चालणाऱ्या मधुमेहाच्या उपकरणांचे अलार्म लोकांना ऐकूच येत नव्हते अशा तक्रारी आल्या होत्या. कारणं बघा: फोनला हेडफोन जोडला, सूचना गप्प करणारा 'फोकस मोड' लागला, ऑपरेटिंग सिस्टीम अपडेट झाली, अ‍ॅप गाढ झोपेत गेलं. त्यांचा सल्ला असा की आपोआप अपडेट बंद ठेवा, नवीन आवृत्तीवर अ‍ॅप चालतं हे कळल्यावरच अपडेट करा, आणि महिन्यातून एकदा तरी अलार्मची सेटिंग तपासा. तुम्ही रात्री ब्लूटूथ इअरफोनवर गाणी ऐकत जात असाल तर त्याचा विचार करा. इअरफोन स्वेटरच्या खिशात चालू राहिला तर अलार्म खिशातच वाजून जाईल.

आणखी एक, भौतिकशास्त्राचं. ब्लूटूथच्या लहरी पाण्यात शोषल्या जातात आणि माणूस म्हणजे बहुतांशी पाणीच. सेन्सर डाव्या दंडावर आणि फोन उजव्या मागच्या खिशात, म्हणजे मध्ये अख्खे तुम्ही. फोन डाव्या वरच्या खिशात ठेवा, सिग्नल लॉस लक्षात येण्याइतका कमी होतो. फोन मोटारीच्या खोलीत ठेवून व्हॉल्व्हकडे जाणं तर बादच. मोकळ्यावर दहा मीटरच्या पुढची आशा धरू नका.

चिपळूणकरांचा रीडर वाईट नाही, पण तो घरी कुणाला उठवत नाही. तुम्हाला तेच हवंय.

---

खाडीकाठ_चिपळूण

मान्य. माझ्या घरी उठवायला कुणी नाही, म्हणून सुचलं नाही.

---

द्राक्षबाग_निफाड

सगळ्यांचे आभार. ताई, तुमचा संशय बरोबर निघाला. जुन्या फोनमध्ये 'ठरलेल्या वेळी रीस्टार्ट' नावाचं सेटिंग सापडलं, वेळ रात्री दीडची. ते बंद केलं, बॅटरीचं अनरिस्ट्रिक्टेड केलं, फोन डाव्या खिशात. काल रात्री पाणी भरताना ७२ ला ओरडला. बांधावर बसून ग्लुकॉन-डी खाल्लं, पंधरा मिनिटं थांबून बोट टोचून बघितलं, मग उठलो. मिसेसचा फोन आलाच मध्ये, "कुठे बसलाय?"

तरी फोन बदलणार आहे. याचं अपडेट कंपनीने बंद केलंय आणि यादीत हे मॉडेल नाही. पिंपळगावकर, रविवारी बाजाराला येतो तेव्हा डेबिट कार्ड घेऊन तुमच्याकडे येईन. यादीतली तीन मॉडेलं कागदावर लिहिली आहेत. त्यातलं जे तुमच्याकडे असेल आणि टिंग वाजवेल ते घेऊ. बाकीचे पैसे व्यापाऱ्याचा चेक वटल्यावर.

---

मोबाइलवाला_पिंपळगाव

या भाऊ. दोन मॉडेलं आहेत, तिसरं मागवून ठेवतो. जुना फोन लगेच बदल्यात देऊ नका. चालू सेन्सर संपेपर्यंत तो राहू द्या, नव्या फोनवर पुढचा सेन्सर सुरू करा. सेन्सरच्या मधोमध फोन बदलून अलार्म गेलेलं गिऱ्हाईक मी पाहिलंय.