मदत हवी आहे: पडल्यानंतर खुब्याचं दुखणं जात नाहीये

नमस्कार मंडळी, गेल्या पावसाळ्यात पुण्यात नवले पुलाजवळ अ‍ॅक्टिव्हा घसरून उजव्या अंगावर आपटले, तेव्हा एक्स-रेमध्ये फ्रॅक्चर नाही म्हणाले म्हणून आपण सुटलो असंच वाटलं होतं, पण आता वर्ष होत आलं तरी उजवा खुबा आणि कुल्ल्याचा स्नायू ठणकतोच आहे. त्या कुशीवर झोपता येत नाही, जिना चढताना कठड्याला धरावं लागतं, आणि पीएमटी बसच्या पायरीवर पाय टाकला की जांघेत कट्ट असा आवाज येतो (शेजारच्या काकूंनाही ऐकू आला एकदा!).

एका डॉक्टरांनी कमरेचा एमआरआय काढायला लावला, तो नॉर्मल. खुब्याचा मात्र कोणी काढलाच नाही. दुसरीकडे फिजिओचं दहा सिटिंगचं पॅकेज घेतलं, तिथे रोज नुसतं मशीन लावून शेक, व्यायाम एकही नाही. पेनकिलर घेतली की दोन दिवस बरं, परत ये रे माझ्या मागल्या.

आता कोणी लॅब्रम (खुब्याच्या खोबणीभोवतीची कूर्चेची कड) फाटलं असेल म्हणतं, कोणी पिरिफॉर्मिस (कुल्ल्यातला आतला स्नायू) म्हणतं, सासूबाई म्हणतात वातच आहे, तेल लाव.

सिंहगड रोड, वारजे, कोथरूड भागात खुब्याचंच जास्त काम करणारे ऑर्थो किंवा हाताने तपासून नीट व्यायाम शिकवणारे फिजिओ माहीत आहेत का कोणाला? आणि असं दुखणं असलेल्यांनी आधी काय केलं, खुब्याचा एमआरआय का थेट फिजिओ? मालिशवाल्यांचे नंबर नकोत प्लीज, एकदा करून बसलेय, चार दिवस उठता येत नव्हतं.