मार्लिन्स: नवे मालक आले आणि अख्खी टीमच मोडली?

२०१७ ला गुंतवणूकदार शर्मन आणि माजी खेळाडू जीटर यांच्या ग्रुपने मायामी मार्लिन्स ही अमेरिकन बेसबॉल टीम घेतली आणि पहिल्याच हिवाळ्यात ५९ होमरनवाला स्टॅन्टन यांकीजला, ओझुना सेंट लुइसला, येलिच मिलवॉकीला देऊन टाकला, मग २०१८ ला ६३ मॅच जिंकल्या ९८ हरल्या, पुढच्या वर्षी तर १०५ हरल्या. हे मुद्दाम करतात का?

> अहो पगाराचा बोजा उतरवायचा, नवी पोरं आणायची, तेव्हा हरलं की ड्राफ्टमध्ये (नवे खेळाडू निवडायच्या फेरीत) नंबर वर असायचा. ह्यूस्टनच्या टीमने नव्या मालकाखाली २०१३ ला १११ हरून २०१७ ला वर्ल्ड सिरीज, म्हणजे लीगची फायनल, जिंकलीच ना.

> पण येलिच २०१८ लाच एमव्हीपी (आपल्या लीगचा सर्वोत्तम खेळाडू) झाला! त्याच्या बदल्यात आलेल्या ब्रिन्सनची बॅटिंग सरासरी जेमतेम .१९९, ते बघून खरंच पोटात तुटायचं.

> २०२० ला मार्लिन्स प्लेऑफमध्ये (सीझननंतरच्या बाद फेरीत) गेले, शिकागो कब्जना हरवलं. तेव्हा मी रडलोय.