२६ वर्षांचा बँड: फेअरवेल करून मोकळं व्हायचं, का वाजवत राहायचं?

रिदमवाला:
नमस्कार मंडळी, बरेच महिने नुसता वाचत होतो, आज पहिल्यांदाच धागा काढतोय, लांबला तर सांभाळून घ्या.

आमचा रॉक बँड २६ वर्षांचा आहे. चौघं तेच, मधे एक कीबोर्डवाला आला नि गेला तेवढंच. सुरू केला तेव्हा सगळे पंचविशीच्या आतबाहेर होतो, आता सगळ्यात लहान ४७ चा आणि गायक ५४ चा. निम्मी आमची गाणी, निम्मी कव्हरं. वर्षाला १५-२० गिग, म्हणजे शो, व्हायचे, गेल्या वर्षी ६ झाले. प्रत्येकाची नोकरी-धंदा वेगळा आहे म्हणजे पोट ह्याच्यावर नाही, आणि असतं तर केव्हाच उपाशी मेलो असतो ते सोडा.

तर झालंय असं की ड्रमरचा उजवा खांदा धरलाय, शेवटच्या तीन गाण्यांत लय पडते आणि आम्ही तिघंही त्याच्याकडे न बघता वाजवत राहतो, जणू काही झालंच नाही. गायकाला दोन गाण्यांतला वरचा सूर लागत नाही, तिथे आला की तो माईक पब्लिककडे फिरवतो. माझ्या डाव्या कानात गिगनंतर शिट्टी वाजत राहते, पूर्वी सकाळपर्यंत जायची, आता दोन-दोन दिवस असते. आणि परवा सेटलिस्ट (शोच्या गाण्यांची यादी) लिहायला बसलो तर जाणवलं, एकेकाळी सिगरेटच्या पाकिटामागे बॉलपेननी लिहायचो, आता अख्ख्या ए-फोरवर जाड मार्करनी लिहितो तरी बेसिस्ट दोन गाण्यांच्या मधे खाली वाकून बघतो.

बेसिस्ट म्हणतोय एक झकास फेअरवेल शो करू, जुन्या सगळ्यांना बोलावू आणि मानाने थांबू. ड्रमर काहीच बोलत नाही. गायक म्हणतो मरेपर्यंत वाजवू, पण रिहर्सलला येत नाही. मला स्वतःला थांबायचं नाहीये पण कारण विचाराल तर धड सांगता येत नाही. इतकी वर्षं टिकलेल्या बँडमधलं कुणी आहे का इथे? नेमकं काय करता?

उगाचच_हसतो:
गायक रिहर्सलला येत नाही हे वयाचं लक्षण नाही, गायकाचं लक्षण आहे. बाकी चालू द्या.

धूळखाती_तबकडी:
मी वाजवत नाही, फक्त ऐकतो, पण फेअरवेल ह्या शब्दावरचा माझा विश्वास पार उडालाय. जर्मन रॉक बँड स्कॉर्पिअन्सनी २०१० ला निरोपाची टूर जाहीर केली, लोकांनी डोळे पुसत तिकिटं काढली, आणि २०२५ मध्ये हेच महाशय हॅनोव्हरच्या स्टेडियममध्ये बँडची ६० वर्षं साजरी करत होते. किस बँडची पहिली निरोपाची टूर २००० ची आणि खरी शेवटची संपली २ डिसेंबर २०२३ ला न्यूयॉर्कमध्ये. गायक ओझी ऑस्बॉर्ननं १९९२ मध्येच आता टूर नाही असं सांगून झालं होतं, ३ वर्षांत परत बॅग भरून तयार. त्याचा खरा निरोप कोणता म्हणाल तर ५ जुलै २०२५, बर्मिंगहॅमला सिंहासनासारख्या खुर्चीत बसून गायला, आणि १७ दिवसांनी गेला. त्याला मी निरोप म्हणेन.

आणि उलटं उदाहरण हवं असेल तर नेदरलँड्सचा गोल्डन इअरिंग. १९६१ ला शाळकरी पोरांनी काढलेला बँड, १९७० पासून तेच चार जण, म्हणजे ५० वर्षं तीच चार डोकी. परदेशात त्यांची दोनेक गाणी माहीत, पण घरी मात्र थिएटरं, हॉल असं वर्षानुवर्षं वाजवत राहिले. नोव्हेंबर २०१९ ला रॉटरडॅममध्ये मोठा शो झाला, मग लॉकडाऊन लागलं, आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये बातमी आली की गिटारिस्ट जॉर्ज कोयमान्सला एएलएस (स्नायू निकामी करत जाणारा मज्जातंतूंचा आजार) झालाय. बाकीच्यांनी त्याच्या जागी दुसरा घेतला नाही, दुकान बंद. रॉटरडॅमला वाजवताना त्यांच्यातल्या कुणालाच माहीत नव्हतं की हा शेवटचा. मला तर हेच बरं वाटतं, शेवटचा शो नेहमीसारखाच वाजवला गेला. जाहीर केलेल्या शेवटच्या शोला लोक गाणी ऐकायला येत नाहीत हो, सांत्वनाला येतात.

कन्सोलमागचा:
मी साउंड करतो, २० वर्षं जुन्या बँडांचं वय कन्सोलमागून बघतोय. तुम्ही जे चार प्रॉब्लेम लिहिलेत त्यातला फक्त एक तातडीचा आहे आणि तो तुम्ही सगळ्यात कमी शब्दांत उरकलाय. कान.

हिशोब सरळ आहे, ८५ डेसिबल ८ तास चालतं, पुढे दर ३ डेसिबलला वेळ अर्धा होतो, म्हणजे १०० डेसिबलला तुमच्याकडे फक्त १५ मिनिटं उरतात. छोट्या हॉलमध्ये ड्रमच्या शेजारी १०० म्हणजे काहीच नाही. आता सांगा, तुमचा सेट किती, दीड तास? डाव्याच कानात शिट्टी म्हणजे तुम्ही ड्रमरच्या उजव्या हाताला उभे राहत असणार, त्याच्या राइड नि क्रॅश ह्या झांजा सरळ तुमच्या डाव्या कानात. २६ वर्षं एकाच जागी उभे आहात का? आधी जागा बदला. आणि फोमचे बोळे घालू नका, ते वरचे सूर जास्त खातात, सगळं गोधडीखालून ऐकू येतं आणि दुसऱ्या गाण्याला माणूस ते उपटून खिशात टाकतो. म्युझिशियन प्लग मिळतात, सगळ्या फ्रिक्वेन्सी साधारण सारख्याच कमी करतात, १५ डेसिबलचे घ्या, दोन-तीन रिहर्सलमध्ये सवय होते. आणि ऑडिओग्राम (कानाची तपासणी) काढा, ह्याच आठवड्यात. एसी-डीसी बँडच्या गायकाला, ब्रायन जॉन्सनला, २०१६ मध्ये डॉक्टरांनी सांगितलं टूर थांबव नाहीतर पूर्ण बहिरा होशील, अर्ध्या टूरमधून घरी बसला बिचारा, कानातल्या खास यंत्रांवर काम करून परत यायला काही वर्षं गेली. त्याच्यामागे यंत्रं बनवणारी माणसं उभी होती. तुमच्यामागे कोण आहे?

दुसरं म्हणजे वजन. ह्यावर कुणी बोलत नाही. बँड स्टेजवर म्हातारा होत नाही, रात्री १ वाजता जिन्यावर म्हातारा होतो. चार स्पीकरचं गिटार कॅबिनेट ३५ किलोच्या आसपास, आणि बेसचं आठ स्पीकरवालं जे फ्रीजसारखं दिसतं ते ६० च्या वर. विशीत चौघं हसत उचलतात. आता २-३ किलोचे बेस अँप मिळतात, आवाज मी पीएमधून, म्हणजे हॉलच्या मोठ्या स्पीकरांतून, देतोच आहे, मागचं धूड निम्म्या वेळा फोटोपुरतंच असतं. तुमच्या बेसिस्टकडे काय आहे?

टॉमटॉम:
ड्रमर आहे, वय ५८, म्हणून ड्रमरबद्दल बोलतो. तुम्ही तिघं बघत नाही हे त्याला कळतंय बरं का. आम्ही सगळ्यांच्या मागे बसतो, आम्हाला तुमच्या पाठी वाचता येतात.

लॉकडाऊनच्या आधी आम्ही महिन्याला दोन शो करायचो, मी ५२ चा होतो, काही दुखत नव्हतं. मग दीड वर्ष बंद. परत बसलो तेव्हा चौथ्या गाण्याला हाताचा दगड झाला, बोटांना फोड, आणि घाबरून मी स्टिक अजून घट्ट धरली त्यानं खांदा गेला. डॉक्टर म्हणाला वय. वय कसलं, गॅप! १५-२० वरून ६ वर आलात म्हणजे दर वेळी दोन महिन्यांच्या गंजावर वाजवताय. मी तर म्हणतो दीड तासाचा एक मोठा शो करण्यापेक्षा ४५ मिनिटांचे तीन छोटे करा, दुसऱ्या कुणाच्या आधी उभे राहा, कमीपणा कसला त्यात.

आणि त्याला सांगा ड्रमसेट छोटा कर. रोलिंग स्टोन्सचा ड्रमर चार्ली वॉट्स ७८ व्या वर्षापर्यंत चार ड्रमच्या किटवर वाजवत होता आणि स्नेअर ड्रम वाजवताना हाय-हॅटचा (पायानं उघडझाप होणाऱ्या झांजजोडीचा) तो ठोका सरळ सोडून द्यायचा, हात उचलला की उचलला. बघा व्हिडिओ, ऐकताना कळत पण नाही. दर मात्रेला दोन्ही हात मारलेच पाहिजेत असं कुणी सांगितलंय? मी ते ५३ व्या वर्षी शिकलो आणि उजव्या हाताचं काम चांगलंच कमी झालं. आयर्न मेडन बँडच्या ड्रमरला, निको मॅकब्रेनला, जानेवारी २०२३ मध्ये स्ट्रोक आला, उजवी बाजू लुळी, मे महिन्यात माणूस टूरवर. जे फिल (मधले भराव्याचे तुकडे) जमेनात ते बदलले. डिसेंबर २०२४ पर्यंत वाजवला आणि मग स्वतःहून टूरमधून उठला. खांद्याचं फिजिओथेरपिस्टला दाखवाच, ते माझ्या सांगण्यावर ठेवू नका.

खालची_पट्टी:
गायिका, ४९. माईक पब्लिककडे फिरवणे हा प्रकार मी पण ३ वर्षं केला, मग एकदा पब्लिकच गप्प बसलं. तो सन्नाटा मी विसरू शकत नाही.

पट्टी उतरवा. एवढंच. अर्धा सूर खाली घ्या, नाही जमलं तर पूर्ण एक. गिटारवाले आधी कुरकुरतात की ओपन स्ट्रिंगची मजा जाते, मग गिटारच खाली ट्यून करायची, कॉर्ड त्याच राहतात आणि तारा सैल झाल्यामुळे बोटांना पण आराम. झेडझेड टॉप बँडचा गिटारिस्ट बिली गिबन्स तर ०.००७ इंचाच्या तारा वापरतो, केसासारख्या, आणि आवाज ऐका त्याचा. ऐकणाऱ्यांपैकी कुणाला कळत नाही पट्टी उतरली, सूर फाटला की मात्र सगळ्यांना कळतं. एरोस्मिथ बँडच्या गायकाचं, स्टीव्हन टायलरचं, २०२३ मध्ये निरोपाच्याच टूरमध्ये स्वरयंत्र दुखावलं, तिसऱ्या शोला, आणि पुढच्या वर्षी टूर कायमची रद्द. गळा म्हणजे तार नाही, तुटला तर दुसरा लावता येत नाही.

आणि ज्या गाण्यांचा कंटाळा आलाय ती काढून एखादं नवीन बसवा, मग गायक रिहर्सलला येईल. नवीन गाण्याला कुणी जुन्या आवाजाशी तुलना करत नाही ना.

मधलाच_आलो:
एखादा थांबला तर काय ह्याचं पण आत्ताच ठरवून ठेवा, अनुभवाचे बोल. आमचा गिटारिस्ट अचानक गेला (दुसऱ्या देशात, देवाघरी नाही) आणि त्याच्या जागी कोण ह्यावर उरलेले तिघं भांडून बँड फुटला. झेडझेड टॉपमध्ये तीच तीन माणसं ५० च्या वर वर्षं होती. २०२१ च्या जुलैत बेसिस्ट डस्टी हिल खुब्याच्या दुखण्यानं टूर सोडून घरी गेला तेव्हा जागी कोण, तर त्यांचा गिटार टेक (गिटारींची देखभाल करणारा) एल्वूड फ्रान्सिस, आणि डस्टीनंच तसं सांगितलं होतं. थोड्याच दिवसांत डस्टी वारला. बँड थांबला नाही. बरं वाटो वाईट वाटो, ठरलेलं होतं. येस नावाच्या बँडमध्ये २०१५ ला बेसिस्ट ख्रिस स्क्वायर वारल्यापासून सुरुवातीचा एकही माणूस नाही तरी बँड चालूये, तो तोच बँड आहे का ह्यावर वेगळा धागा काढा, ५०० प्रतिसाद येतील.

उगाचच_हसतो:
५०० कमी सांगितलेत.

रिदमवाला:
सगळ्यांचे आभार, तीन आठवड्यांनी येतोय कारण दरम्यान बऱ्याच गोष्टी झाल्या.

कन्सोलमागचा, तुमचा प्रतिसाद वाचून मी अक्षरशः उठून उभा राहिलो. हो, ड्रमरच्या उजव्या हाताला, २६ वर्षं, एकाच जागी. ऑडिओग्राम काढला, डाव्या कानात वरच्या फ्रिक्वेन्सीला खड्डा आहे, गेलेलं परत येणार नाही पण अजून वाचवण्यासारखं बरंच आहे म्हणाले. प्लग घेतले. पहिल्या रिहर्सलला स्वतःचंच वाजवणं परक्याचं वाटलं, दुसऱ्यांदा जरा बरं. आणि बेसिस्ट कुठे कुठे चुकतो ते आयुष्यात पहिल्यांदा ऐकू आलं, हा फायदा का तोटा माहीत नाही.

टॉमटॉम, मी हा धागाच ड्रमरला पाठवला. त्याचा रिप्लाय आला, "पाठी वाचता येतात" एवढंच, आणि पुढे अंगठा. मग रिहर्सलला आला तो एक टॉम ड्रम आणि एक क्रॅश घरी ठेवून. वर्षभर घाबरून बसला होता की आम्ही दुसरा ड्रमर बघतोय. आम्ही घाबरलेलो की तो सोडेल. कमाल आहे ना, दर आठवड्याला फोनवर बोलणारी माणसं आम्ही. दोन्ही गाणी एक सूर खाली घेतली, गायकानं माईक फिरवला नाही, आणि त्याला ते इतकं आवडलं की आता अजून चार गाणी खाली घ्या म्हणून मागे लागलाय.

पण खरी गोष्ट बेसिस्टची. मी सहज विचारलं की तुझं ते कॅबिनेट किती किलोचं आहे रे, तर म्हणाला ६४. आणि मग गप्प. मग म्हणाला दोन वर्षं झाली, प्रत्येक गिगनंतर दोन दिवस अंथरुणावरून कुशीवर वळून उठावं लागतं, आणि तुम्ही पोरं एवढं सगळं उचलता तर मी कसं सांगू. पोरं म्हणजे आम्ही, पन्नाशीची. म्हणून फेअरवेल. त्याला वाजवणं थांबवायचंच नव्हतं, उचलणं थांबवायचं होतं.

आता एक छोटा अँप घेतलाय, खांद्याला अडकवून येतो, आणि येताना जिन्यावर मुद्दाम शिट्टी वाजवतो. पुढच्या महिन्यात ४० मिनिटांचा सेट मिळालाय, एका नवीन बँडच्या आधी, त्यांचा ड्रमर आमच्या बँडपेक्षा २ वर्षांनी लहान आहे.

बाकी ते आठ स्पीकरचं कॅबिनेट द्यायचंय, चालू कंडिशन, एक कोपरा उंदरानं खाल्लाय. कुणाला हवं असेल तर मेसेज करा, उचलायला चौघं घेऊन या, आम्ही हात लावणार नाही.